कोरी भिंत

नायगाव, मुंबई
शुक्रवार, ८ नोव्हेंबर १९५७

श्रीमती जेन फेलिक्स डिमेलो यांस,

सप्रेम नाही, सविनय.

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून आश्चर्य वाटेल. वाटू द्या. हे पत्र भावाचं नाही, दादर किनारा दारूबंदी समितीच्या चिटणिसाचं आहे. माडाच्या आळीत किनाऱ्याला पाठ करून जी सात घरं आहेत, त्या सातही घरांना असं एकेक पत्र गेलं आहे. तुमचं एक घर वगळलं असतं तर पक्षपात झाला असता.

येत्या रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात रहिवाशांची सभा आहे. विषय असा, की या सात घरांची किनाऱ्याकडे उघडणारी मागची दारं विटांनी बुजवावीत की काय करावं. सरकारची दारूबंदी होऊन बरीच वर्षं झाली. ती कागदावर आहे. वाळूवर काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको, संध्याकाळी तुमच्याच पायरीवर माणसं बसलेली असतात. नगरसेवक म्हणाले, तिथे राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय मी एकही वीट लावू देणार नाही. मला हे पसंत पडलं. माणसाला विचारून केलेली गोष्ट टिकते.

सहा डिसेंबरला बाबासाहेबांना जाऊन वर्ष होईल. ज्या वाळूत त्यांना अग्नी दिला तिथे गावोगावचे लोक येणार. बाया कडेवर मुलं घेऊन येणार, पुष्कळशा अनवाणी. त्यांच्या पायाखाली फुटक्या बाटल्या आणि नाकात हातभट्टीचा वास, हे मी खपवून घेणार नाही. गेल्या वर्षी त्याच जागी मी दीक्षा घेतली. मद्य पिणार नाही, असं तोंडाने म्हटलं. मी आधीही पीत नव्हतो, पण म्हटलं.

सभेला यावं. आपलं म्हणणं मांडावं. न आल्यास नंतर तक्रार ऐकली जाणार नाही.

कोंडीराम गमरे
चिटणीस

ता. क. बाकीची पत्रं पोस्टाने गेली. हे जाईबाई कोळणीच्या हाती देतोय, कारण ती मासळी घेऊन आमच्या चाळीत येते आणि तिचं घर तुमच्या आळीच्या मागेच आहे. दुसरं काही कारण नाही. फेलिक्सचा हात बोटीवरच्या भटारखान्यात भाजला आणि त्याला वर्षभर काम नाही, असं तिच्याकडून कळलं. मी विचारलं नव्हतं.


नायगाव
सोमवार, ११ नोव्हेंबर

चंपा हिस,

नाव विचारलं याचा राग आला असेल. पण बोलणाऱ्याने उभं राहून आधी आपलं नाव सांगायचं, हा नियम मीच सभेच्या सुरुवातीला वाचून दाखवला होता. नगरसेवक बोलायला उठले तेव्हा त्यांनीही सांगितलं. तू मागच्या रांगेतून उठलीस आणि सरळ बोलायलाच लागलीस, "दार बुजवलंत तर घरात वारा कुठून यायचा? आजारी माणूस आहे माझ्या घरात." मी म्हटलं, "बाई, आपलं नाव?"

तोंडातून गेलं ते गेलं.

तू म्हणालीस, "जेन डिमेलो. माहेरचं नाव विसरले."

लोक हसले. त्यांना वाटलं बाईने विनोद केला. त्या सगळ्या पटांगणात, तुझ्या घरचे सोडले तर, आपण भावंडं आहोत हे ठाऊक असलेली एकटी जाईबाई. ती हसली नाही. पदराचं टोक दातात धरून जमिनीकडे बघत बसली.

सभा मात्र चांगली झाली. मी आजवर इतक्या सभांचे फलक रंगवले, पण इतकं खरं बोलणं क्वचित ऐकलं. त्या म्हाताऱ्या कोळ्याचं बोलणं मला पटलं: "दारू बंद करा, आमचं काय नाय. पन दर्या कशाला बंद करता? जाळं काय खिडकीतनं काढू?" तुझी सासू विल्माबाई उठली आणि म्हणाली, "आमच्याकडे लग्नाला काय लिंबाचं सरबत वाटायचं? फादर सुद्धा जेवल्याबिगर जाईल." तेव्हा मीसुद्धा हसलो, हे तू पाहिलंस.

चिंतामणी सोडावाला बोलला ते तर सगळ्यांना माहीतच. त्याचा सोड्याचा कारखाना, त्याच्या गाड्या किनाऱ्यावर. हात जोडून म्हणतो, "मी तर म्हणतो, लोकांनी निव्वळ सोडा प्यावा." मागून कुणी ओरडलं, "मग तुझा सोडा घेईल कोण रे?" हशा झाला, तोही हसला. दिवाळीच्या आधी दारूबंदी खात्याच्या माणसांनी वाळू उकरून दारूने भरलेल्या मोटारच्या ट्यूबा काढल्या. त्या कुणाच्या हे अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक, आणि कागदावर त्या कुणाच्याच नाहीत. तरी माणूस सभेत पुढच्या खुर्चीवर. चुना, गेरू, शिडी, सगळं माझ्याकडून, असं त्याने जाहीर केलं. मी मनात म्हटलं, धक्का बसला की माणूस सुधारतो.

चुना आणि गेरू का, तर तोडगा माझा होता. मी म्हटलं, आधी शब्द, मग विटा. ज्या घरात विक्री होते त्याच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात तसं लिहू. लाज वाटून सहा डिसेंबरच्या आत धंदा थांबला तर दारं उघडी राहतील. नाहीतर गवंडी. हात वर झाले, कोळ्यांचेसुद्धा. तुझा झाला नाही.

मग कुणी विचारलं, कुठली घरं? शेजाऱ्याचं नाव कोण घेणार? मी म्हटलं, "सातही. मी जातीने पाहिलं आहे." एकजण म्हणाला, "पेंटर, रोज घुटका मारायला जाता वाटतं!" पुन्हा हशा. मी सांगितलं की मी सकाळी गिरणीत जाण्याआधी किनाऱ्यावर फिरायला जातो आणि डोळे उघडे ठेवून फिरतो. सगळे हसत होते, चिंतामणी तेवढा माझ्याकडे टक लावून पाहत होता. माझ्या निरीक्षणाचं त्याला कौतुक वाटलं असावं.

फाटकापाशी तू जे बोललीस ते लिहायचं राहिलं. तू म्हणालीस, "दादा, तूही धर्म बदललास म्हणे. मी बदलला तर बाटले, तू बदललास तर दीक्षा." मी म्हटलं, बाबासाहेब सांगेपर्यंत थांबायचं होतंस. तू म्हणालीस, "मी काय रेशनच्या रांगेत उभी होते?"

याला उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

कोंडीराम


नायगाव
सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. चंपास,

जाईबाई म्हणाली, तू विचारलंस की तुझी भिंत का राहिली. राग आला असल्यासारखं विचारलंस, असंही ती म्हणाली. म्हणून खुलासा करतो.

खाऱ्या वाऱ्यात साधा गेरू टिकत नाही. आधी चुन्याचा पट्टा मारायचा, त्यात मूठभर मीठ आणि थोडा सरस, तो वाळला की खडूत बुडवलेली सुतळी ताणून रेघ उठवायची, मग अक्षर. मी हे कुठल्या शाळेत शिकलो नाही. लहानपणी परळच्या नाक्यावर एक पाटीवाला रंगवत बसायचा, त्याच्या मागे उभा राहून शिकलो. त्याने मला कधी ब्रश हातात दिला नाही. "लांब उभा राहून बघ," म्हणायचा. लांबूनच पाहिलं, म्हणून माझं अक्षर लांबूनही वाचता येतं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" मी दादरपासून लालबागपर्यंत लिहिलंय; पोलिसांनी डांबर फासलं तरी वेलांटीचा डौल डांबरातून दिसत होता.

तर रविवारी शिडी लावली आणि "या दारात दारू विकली जाते" हे लिहीत गेलो. लोक जत्रेसारखे जमले. तुझा शेजारी कायतान बनियनवर बाहेर आला, कमरेवर हात ठेवून म्हणतो, "पेंटर, 'दारू' जरा मोठं काढा. लांबनं दिसलं पायजे. लोकांना पत्ता विचारायला लागतो." सगळी आळी हसली. मग म्हणतो, "फुकट पाटी मिळाली, थँक्यू!" त्याच्या बायकोने मला चहा आणला. ज्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडतोय त्यांच्याच घरचा चहा. मी प्यालो, कारण तिथे न पिण्याची शपथ घेतलेली नव्हती.

सहा भिंती झाल्या आणि चुना संपला.

एवढंच कारण. चिंतामणीची दुसरी बादली होती, पण तिच्यातला चुना नीट विरलेला नव्हता आणि तसला चुना मी भिंतीला लावत नाही, हे माझ्याबरोबर काम केलेला कुणीही सांगेल. तुझ्या भिंतीशी मी शिडी आणली, माप घेतलं. दोरीवर फेलिक्सचा सदरा वाळत होता, त्याची एक बाही खांद्यापर्यंत कापलेली होती, पट्टी बांधायला सोपी पडावी म्हणून. तू कापली असणार. शिवण लहानपणापासून तुझी सरळ आहे.

तेवढ्यात चुना संपला.

पुढच्या रविवारी पाहू. तोवर तू स्वतःहून विक्री थांबवलीस तर लिहिण्याची गरजच उरणार नाही. विचार कर. तुझ्या वहिनीने, कमलाने, जाईबाईबरोबर थोडी कुळथाची पिठी पाठवली आहे. तिने पाठवली आहे, मी नाही.

कोंडीराम


नायगाव
शुक्रवार, २२ नोव्हेंबर

चि. चंपास,

काल फ्लोरा फाउंटनवरच्या हुतात्म्यांचा दिवस, म्हणून संध्याकाळी मोर्चात होतो. परत आलो तर जाईबाई टोपली घेऊन चाळीच्या जिन्यापाशी बसलेली. मासळी केव्हाच संपलेली. माझ्यासाठी थांबली होती.

"पेंटर," म्हणाली, "तुझ्या बहिनीच्या मागल्या पायरीवर रोज सकाळी सोड्याची बाटली उभी असते. रिकामी. काचेच्या गोळीवाली. मना वाटला कोन गिऱ्हाईक विसरला असंल. पन विसरणारा रोज त्याच पायरीवर, त्याच जाग्याला विसरत नाय."

मी म्हटलं, पोरांचा खेळ असेल. ती म्हणाली, "पोरं बाटली फोडतात. उभी नाय करत."

तू मला हे कळवलं नाहीस. तीन दिवस चाललंय म्हणे. दंगलीत सोड्याच्या बाटल्या कशा उडतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय, गोळी आतल्या आत वाजते आणि मग काच कुठून येते ते कळत नाही. म्हणून सांगतो, पायरीवर बसत जाऊ नकोस. फेलिक्सला एकट्याला बाहेर पाठवू नकोस. मागचं दार आतून लावत जा, मग वारा नाही आला तरी चालेल. हे मीच लिहितोय, दारं बुजवा म्हणणारा, हे माझ्या लक्षात आहे.

चिंतामणी परवा गिरणीच्या दारात भेटला. पान खात उभा होता. फार गोड बोलला. माझ्या अक्षरांची स्तुती केली, आणि स्तुती ऐकली की मी थांबतो, हा माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मग म्हणाला, "सगळ्या आळीला कुंकू लावलंत पेंटर, एकच कपाळ पांढरं ठेवलंत." मी चुन्याचं सांगितलं. "हो हो, चुना," म्हणाला. मग त्याने एक प्रश्न विचारला. मी योग्य ते उत्तर दिलं आणि आत गेलो.

रविवारी येऊन भिंत पूर्ण करावी असं मनात होतं. पण आता घाईने लिहिलं तर कुणी तरी लिहायला लावलं असं दिसेल. चार दिवस जाऊ देत.

काळजी घे.

दादा


नायगाव
गुरुवार, २८ नोव्हेंबर

चि. चंपास,

हे पत्र पोस्टाने येईल. जाईबाईने नेलं नाही. परवा बाजारात कुणी तिची टोपली लाथेने उलटी केली, पापलेटं चिखलात गेली. ती मला म्हणाली, "मना दर्याची भीती वाटत नाय रे. सोड्याची वाटते. आता मना चिठ्ठी देऊ नको." बाकीचं तिनेच सांगितलं. फेलिक्स तुमच्या किरिस्ताव देवळातून येताना त्याच्या पायाशी बाटली फुटली. तुझ्या पायरीवर आता एक नाही, दोन असतात, एक रिकामी आणि एक वाळू भरलेली. कायतानच्या बायकोने तुला सरपण द्यायचं बंद केलं. कायतानने तुला अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, "जेन, खरं सांग, ट्यूबा तू दाखवल्यास काय?" आणि तू नुसतं "नाही" म्हणून आत गेलीस.

आता मला सगळं सरळ लिहिलं पाहिजे. रेघ एकदा वाकडी गेली की तिच्यावर पुढची अक्षरं कितीही नीट काढली तरी उपयोग नाही.

ट्यूबांचा अर्ज मी केला. दिवाळीच्या आधी. जागा, खूण, ओहोटीला वाळू कुठे फुगलेली दिसते ते सगळं लिहून. सही केली नाही. मी सही न करता कागद पाठवत नाही, माझी ती शेखी आहे, पण गमरे हे नाव वाचून कुणी तुझ्या दारापर्यंत पोचू नये एवढा विचार मी केला. म्हणजे मी स्वतःला असं सांगितलं.

आणि मला तो किनारा इतका पाठ कसा? सभेत मी निरीक्षण म्हणालो. चंपा, मी वर्षभर रोज सकाळी तिथे येतोय. गेल्या डिसेंबरात दीक्षा घेऊन गर्दीतून बाहेर पडलो तेव्हा तू मागच्या दारात उभी दिसलीस. डोक्यावर पदर होता, इतक्या माणसांना रडताना बघून तूही डोळे पुसत होतीस. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी शपथ घेतली होती, तुझ्या उंबऱ्याचं पाणी पिणार नाही. शपथ मोडवत नव्हती. पण लांब उभं राहून बघायची मनाई मी घातलेली नव्हती. ती विद्या मला येते.

चुना संपला नव्हता, हे तुला तेव्हाच कळलं असणार.

आता चिंतामणीचा प्रश्न. त्याने विचारलं, "ती डिमेलो बाई तुमची कुणी लागते का?" मी म्हटलं, "माझी कुणी नाही."

तो म्हणाला, "मग ठीक आहे. मला वाटलं नात्यातली असेल. नात्यातली असती तर समजू शकलो असतो." आणि पान थुंकून गेला.

मी गिरणीत जाऊन मागावर नंबर रंगवायला घेतले तेव्हा त्याच्या बोलण्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. त्याने हिशेब सरळ केला होता. पेंटरला घरं कशी ठाऊक, ट्यूबा कशा ठाऊक? आतून कुणी सांगितलं. कुणी सांगितलं? ज्या एका घराला पेंटरने हात लावला नाही, त्या घराने. नात्यातलं घर असतं तर भावाची माया म्हणून सोडून दिलं असतं. नात्यातलं नाही, म्हणजे खबरी. तेवढा एक शब्द तो मागत होता, आणि मी नको तोच दिला. का दिला? समितीचा चिटणीस आणि त्याचीच बहीण दारू विकते, हे दादरभर होईल म्हणून. बहीण किरिस्ताव झाली हेही.

काल चौकीवर गेलो. हवालदार बरा माणूस होता. म्हणाला, "पायरीवर रिकामी बाटली ठेवणं हा गुन्हा नाही हो. ठेवताना कुणी पाहिलंय?" कुणी पाहिलेलं नाही. पाहिलेलं कुणी सांगणार नाही.

एक गोष्ट मला कळत नाही. तू अजून कुणालाच सांगितलेलं नाहीस की मी तुझा भाऊ. कायतानने विचारलं तेव्हा एका वाक्यात तू सुटली असतीस. जाईबाईला मी विचारलं, का नाही सांगत ती? जाईबाई म्हणाली, "तिला इचारला मी. ती बोलली, सभेत त्यानं नाव इचारला तेव्हाच मना कललं, त्याला सांगायचं नाय."

रविवारी सकाळी घरी राहा. सगळे देवळातून परत आलेले असतील अशा वेळी मी येईन. मी आलो की दार उघडू नकोस, मी उंबऱ्यापाशी येणार नाही. मला भिंत पुरे.

दादा


नायगाव
सोमवार, २ डिसेंबर

चंपे,

काल शिडी तू धरलीस. दार उघडू नकोस म्हटलं होतं, ते तू ऐकलं नाहीस.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी लिहून ठेवतो, कारण तू खाली होतीस आणि मागे वळून पाहिलं की मला वरून दिसत होतं ते तुला दिसत नव्हतं. मी चुन्याचा पट्टा मारला तेव्हा दहाबारा माणसं होती. सुतळी ताणली तेव्हा आळीतली सगळी बाहेर आली. पहिली ओळ बाकीच्या सहा भिंतींसारखीच, "या दारात दारू विकली जाते." त्यात मी सूट दिली नाही, एका मापात सात भिंती झाल्या. कुणीतरी म्हणालं, "आता बरोबर झालं," आणि माणसं पांगायला लागली. मग मी दुसरी ओळ घेतली तसे परत फिरले. कायतान मोठ्याने वाचत होता, एकेक शब्द, पोरांना वाचून दाखवावं तसा.

"ही माझी सख्खी बहीण चंपा."

लाटेचा आवाज मला तेव्हाच ऐकू आला, तोवर ध्यानातच नव्हता.

"ट्यूबांची खबर हिने नाही, मी दिली. कोंडीराम गमरे, पेंटर, नायगाव."

चिंतामणीची सोड्याची गाडी माडाखाली उभी होती. गाडीवाल्याला वाचता येत नसावं; त्याने शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने कानात सांगितलं. तो गाडी तिथेच सोडून गेला. गिऱ्हाईक उभं होतं, तेही तसंच.

मी उतरलो. कायतानने डोकं खाजवलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि चांगलं असं काही सुचत नव्हतं, म्हणून तो नेहमीसारखं बोलला, "पेंटर, पत्ता अर्धाच लिहिलाव. नायगावात गमरे काय एकच हाय?"

बोलला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. त्याने जीभ चावली. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. अर्धवट पत्ता लिहिला तर दुसऱ्या कुणा गमऱ्याच्या दारात माणसं जायची. मी पुन्हा शिडी चढलो आणि चाळीचा नंबर आणि खोलीचा नंबर घातला. तू खालून ओरडलीस, "दादा, नको!" ते मी ऐकलं होतं.

शेवटचे आकडे जरा दाटीने आले. जागा उरली नव्हती. एरवी मी असं काम सोडत नाही.

मग तू आत गेलीस आणि पितळेच्या पेल्यातून पाणी आणलंस. आईचा पेला. तो तुझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं, मी सहा वर्षं घरात शोधत होतो. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून प्यालो, म्हणजे शपथेचं काय झालं ते एकदा नीट विचार करून ठरवावं लागेल. फेलिक्स डाव्या हाताने नमस्कार करून "मेव्हणे" म्हणाला. विल्माबाई मला म्हणाली, "आता लग्नाला येनार ना आमच्या पोरीच्या? सरबत ठेवते तुज्यासाठी."

समितीचा राजीनामा मी संध्याकाळी देऊन आलो. नगरसेवक म्हणाले, कशाला, लोक विसरतील. दोघेतिघे म्हणाले ते मात्र लिहीत नाही. आणि तुझ्या रेशनच्या रांगेचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. बहुतेक नाहीच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू निघताना म्हणालीस, येत्या रविवारी वहिनीला भेटायला येते, सहा वर्षांची राहिलेली माहेरची साडी घेते तिच्याकडून. मी हो म्हटलं. कमलाला सांगितलं, ती रात्रीपासून काय काय करायचं ते ठरवतेय.

येऊ नकोस.

आज सकाळी भोंग्याच्या आधी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी सोड्याची बाटली उभी होती. रिकामी. गोळी खाली बसलेली, काच स्वच्छ पुसलेली. आमच्या मजल्यावर सोडा कुणी आणत नाही. जिन्यातल्या माणसांना विचारलं, कुणी पाहिलं नाही म्हणाले, आणि मी विचारल्यावर आपापल्या दारात गेले.

जाईबाई दारावर येऊन गेली. बसली नाही, उभ्याउभ्या बोलली. तुझ्या पायरीवर आज काहीच नव्हतं म्हणाली. मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "नाय. पायरी मोकली हाय. बहीन तुजी तिथं बसून तांदूळ निवडते."

तेवढंच मला हवं होतं. बस. निवड. पण इकडे येऊ नकोस, आणि भिंत पुसू नकोस, पावसाने जाईल तेव्हा जाईल. सहा तारखेला किनाऱ्यावर माणसांचा दर्या असेल, त्यात तू मागच्या दारात उभी राहा. मी लांबून बघेन. तू हात वर कर, सभेत केला नव्हतास तो.

बाटली कमलाने उचलून घासून ठेवली आहे. कुणाची तरी राहिली असेल, मागायला येतील, म्हणते.

तुझा
दादा